७४० रुपये आणि पगाराला अकरा दिवस

कृष्णाकाठ | बुधवार, २६ नोव्हेंबर, रात्री ९:४०

नमस्कार. इथे आजवर नुसतं वाचत आले, लिहिलं कधी नाही. आज लिहिते आहे.

मी कराडजवळच्या एका गावची. २७ ऑक्टोबरला पुण्यात एका लॅबमध्ये नोकरीला लागले. लॅब शिवाजीनगरला, पगार १७,०००. कर्वेनगरला कॉट बेसिसवर राहते, खोलीत आम्ही तिघी. आमच्याकडे पगारपत्रक २५ तारखेला बंद होतं. ऑक्टोबरच्या पत्रकात माझं नाव आलं नाही, म्हणून ते पाच दिवस नोव्हेंबरमध्ये धरून सगळा पगार एकदम ७ डिसेंबरला मिळणार आहे. महिना झाला काम करते आहे, पण अजून एक रुपया हातात आलेला नाही. घरून आणलेले पैसे डिपॉझिट, गादी, ॲप्रन आणि बूट यांत संपले.

खात्यात आज ७४० रुपये आहेत. ५ तारखेला खोलीचं भाडं ४,५०० द्यायचंय आणि त्याच दिवशी मोबाईलचा १,१६६ चा हप्ता आपोआप कापला जातो. खोलीत दोन किलोच्या आसपास तांदूळ, अर्धा किलो तूरडाळ, थोडं तेल, चहा-साखर आणि आईने दिलेलं मेतकूट नि शेंगदाण्याची चटणी एवढं आहे.

गेले चार दिवस दुपारी जेवत नाही. चहा-बिस्किटावर काढते आणि मैत्रिणींना भूक नाही म्हणून सांगते. एका ॲपवर ५,००० चं कर्ज 'मंजूर' दिसतंय, नुसतं बटण दाबायचंय. घरी सांगणार नाही. माझ्या डिपॉझिटसाठी बाबांनी भाव पडलेला असताना सोयाबीन विकलंय.

असे दिवस कुणी काढलेत का? नेमकं काय केलंत?

---

आमटीभात | २६ नोव्हेंबर, रात्री १०:०५

बाळा, आधी उद्याचा डबा. बाकीचं नंतर बोलू.

दिवसभर उभं राहून काम करतेस आणि दुपारी उपाशी राहतेस, हे चालायचं नाही. तुझ्याकडे सामान आहे. आज झोपायच्या आधी मूठभर तूरडाळ भिजत घाल, सकाळी डाळ-तांदळाची खिचडी लाव. सोबत मेतकूट आहे, चटणी आहे. पैसे न घालता उद्याचं जेवण झालं.

शेगडी कसली आहे आणि भाकरी येते का, तेवढं सांग. मग यादी देते.

---

दुचाकी७७ | २६ नोव्हेंबर, रात्री १०:१८

मी दोन-तीनदा ॲपवरून घेतलेत, वेळेत फेडले, काही झालं नाही. अकरा दिवसांचाच तर प्रश्न आहे. घ्या आणि पगार झाला की फेडून टाका. चार लोकांपुढे हात पसरण्यापेक्षा ते बरं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

---

हिशेबनीस | २६ नोव्हेंबर, रात्री १०:४१

कृष्णाकाठ, ते बटण दाबू नका. त्याआधी दोन गोष्टी बघून इथे लिहा: ५,००० पैकी हातात प्रत्यक्ष किती येणार आणि परतफेडीची तारीख कुठली.

---

कृष्णाकाठ | २६ नोव्हेंबर, रात्री १०:५२

बघितलं. प्रोसेसिंग फी वगैरे जाऊन हातात ३,९०० येतील. सात दिवसांनी ५,००० भरायचे.

काकू, शेगडी इंडक्शनची आहे, वीजबिल भाड्यातच. लोखंडी तवा आहे, कुकर आहे. भाकरी येते.

---

हिशेबनीस | २६ नोव्हेंबर, रात्री ११:२०

आता हिशेब बघा. ३,९०० वापरायला मिळणार आणि आठवड्यात त्यावर १,१०० जास्त द्यायचे. म्हणजे एका आठवड्याला २८ टक्के. आमच्या गावचा सावकारसुद्धा महिन्याला पाच-दहा टक्के घ्यायचा आणि लोक त्याला शिव्या घालायचे.

पण व्याजापेक्षा तारीख वाईट आहे. आज घेतलं तर फेड ३ डिसेंबरला. तुमचा पगार ७ ला. शिवाय कॅलेंडर काढून बघा, ७ तारीख रविवारी येते. रविवारी पगार जमा करणारी ऑफिसं कमी, त्यामुळे ८ धरून चाला. म्हणजे ३ तारखेला तुमच्याकडे ५,००० नसणारच. ते फेडायला दुसऱ्या ॲपचं घ्यावं लागेल आणि दुसऱ्याचं फेडायला तिसऱ्याचं. माणसं त्यात अडकतात ती अशीच.

मी बावीस वर्षं हिशेब लिहायचं काम करतोय. छोटी दुकानं, वर्कशॉप, दवाखाने. महिनाअखेरीला कडकी आलेला माणूस पहिल्यांदा पोटाला चिमटा घेतो, कारण तेवढंच त्याच्या हातात असतं. तुम्हीही तेच केलंत. पण तुमची अडचण जेवणाने झालेली नाही. अकरा दिवसांचं जेवण ७४० मध्ये बसतं, काकू ते दाखवतीलच. तुमची अडचण ५ आणि ८ या दोन तारखांमधल्या तीन दिवसांची आहे. ५,६६६ रुपये ५ तारखेला जाणार आणि पगार ८ ला येणार. पैसे आहेत, तुम्ही ते कमावलेही आहेत, फक्त मागून येताहेत. दुपारचं जेवण सोडून ही दरी भरत नाही. तारखा हलवल्या तर भरते, आणि तारखा हलवायच्या म्हणजे बोलायला लागतं.

तीन गोष्टी बघा.

पहिलं ऑफिस. तिथे 'उचल' मागा. कर्ज मागतोय असं मनात आणू नका. २७ ऑक्टोबरपासूनचं काम तुम्ही करून दिलंय, त्याचाच थोडा भाग आठवडाभर आधी मागताय. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सातव्या दिवसाच्या आत द्यायचा, हे १९३६ च्या वेतन कायद्यात होतं (हजारापेक्षा कमी माणसं असलेल्या ठिकाणांसाठी) आणि २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. हा नियम त्यांच्या अंगावर फेकायला सांगत नाही. पण आपण भीक मागत नाही, एवढं मनात पक्कं असलं की आवाज सरळ निघतो.

दुसरं घरमालक. ५ च्या आधी बोला, म्हणजे उद्या-परवाच.

तिसरं मोबाईलचा हप्ता. इथे सावध राहा. हप्ता ज्या खात्यातून कापला जातो, तुमचे ७४० त्याच खात्यात आहेत का? असतील तर उद्या त्यातले ७०० रोख काढून घ्या. ५ ला हप्ता परत गेला तर बँक दंड लावते आणि तो खात्यात असेल त्या पैशांतून वळता होतो. कर्ज देणारी कंपनी वेगळा दंड लावते आणि सिबिलवर नोंद जाते ती निराळीच. म्हणून ऑफिसातून उचल मिळाली तर ती भाड्यासाठी ठेवू नका, ४ तारखेच्या संध्याकाळपर्यंत हप्त्याच्या खात्यात टाका. घरमालक माणूस आहे, थांबू शकतो. मशीन थांबत नाही.

---

दुचाकी७७ | २६ नोव्हेंबर, रात्री ११:३४

फेडीची तारीख पगाराआधी येते, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. माझ्या वेळी पगार १ ला व्हायचा, म्हणून निभावलं. माझा सल्ला मागे घेतो. ताई, घेऊ नका.

---

बहिणीचा_भाऊ | २७ नोव्हेंबर, सकाळी ७:१०

माझ्या धाकट्या बहिणीने दोन वर्षांपूर्वी असंच ३,००० घेतलं होतं. ॲपने फोनमधले सगळे नंबर आणि फोटो वाचायची परवानगी मागितली, तिने दिली. दोन दिवस उशीर झाला तर तिच्या सासरच्या माणसांना, शाळेतल्या बाईंना, गॅसवाल्याला, सगळ्यांना फोन गेले. तिचा फोटो बदलून पाठवला. ती पंधरा दिवस घराबाहेर पडली नव्हती.

नंतर आम्हाला कळलं की हे बेकायदा आहे. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये डिजिटल कर्जासाठी नियम आणले. फोनमधले नंबर, फोटो, कॉलची यादी ॲपला बघता येत नाही. पैसे थेट बँकेच्या किंवा नोंदणीकृत वित्त कंपनीच्या खात्यातून यायला हवेत आणि सगळे खर्च धरून वर्षाचा दर किती पडतो ते आधी लेखी द्यावं लागतं. वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करता येत नाहीत. इथे कुणी अडकलं असेल तर रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवर तक्रार करता येते आणि धमक्या येत असतील तर सायबर गुन्ह्यांच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. आम्ही तो फोन फार उशिरा केला.

---

आमटीभात | २७ नोव्हेंबर, सकाळी ७:४५

डबा भरलास ना? आता यादी.

आधी बसचे पैसे बाजूला काढू. जून २०२५ पासून पीएमपीचं तिकीट पाच किलोमीटरपर्यंत १० आणि त्यापुढे दहापर्यंत २० आहे. कर्वेनगरहून शिवाजीनगरला २० पडत असतील. सकाळी कर्वे रस्त्याने नळस्टॉपपर्यंत चालत गेलीस तर पुढे १० मध्ये पोचतेस. तीनेक किलोमीटर चालणं आहे, सकाळच्या थंडीत होतं. संध्याकाळी मात्र चालायचं नाही. दमलेली असतेस, अंधार पडलेला असतो, २० देऊन दारापर्यंत ये. दिवसाचे ३० झाले. ८ तारखेचा सोमवार धरून कामाचे दहा दिवस होतात, म्हणजे ३००. उरले ४४०.

आता वाण्याकडे. माझ्या इथले भाव धरून सांगते, तुझ्याकडे दोन-चार रुपये इकडेतिकडे होतील. ज्वारीचं पीठ दोन किलो १००, मूगडाळ अर्धा किलो ६०, मटकी पाव किलो ३०, बेसन पाव किलो २८, जाडे पोहे अर्धा किलो ३०, कांदे एक किलो ३०, सहा अंडी ४५. पालेभाजीच्या चार जुड्या ४०, पण त्या एकदम घ्यायच्या नाहीत, दर तीन दिवसांनी एक. आता मेथी-पालकाचे दिवस आहेत. रात्री आठनंतर भाजीवाल्या टोपल्या आवरायला लागल्या की दोन जुड्या एकीच्या भावात देतात. ३६३ झाले. उरलेल्या ७७ ला हात लावायचा नाही. ताप आला, चप्पल तुटली, तर लागतील.

सकाळी दोन भाकऱ्या आणि मेथीचा झुणका किंवा मटकीची उसळ, डब्यात तेच. इंडक्शनवर भाकरी फुगत नाही म्हणून सोडू नकोस. दुसरी बाजू तव्यावरच फडक्याने कडेकडेने दाबत फिरव, पदर सुटतो. रात्री भात आणि आमटी, एक दिवसाआड खिचडी. पिठलं पातळ कर, तीन चमचे बेसनात दोन वेळचं होतं. रात्रीचा भात उरला तर सकाळी कांदा घालून फोडणीचा. एवढं नीट खाल्लंस तर बाहेरच्या चहा-बिस्किटाची आठवण होणार नाही. आणि गेले चार दिवस त्या चहा-बिस्किटावर किती गेले ते मोज, मला वाटतं शंभराच्या वर गेले असतील.

मटकीला थंडीत मोड यायला दोन दिवस लागतात. आजच भिजव.

---

अभ्यासिका_नवी_पेठ | २७ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

काकूंच्या यादीला अनुमोदन. न जेवून काय होतं ते मी भोगलंय, म्हणून लिहितो.

२०२२ मध्ये परीक्षेची तयारी करत होतो. घरून पैसे यायला उशीर झाला आणि मेसची मुदत संपली. मेसवाल्या मावशींना सांगायची लाज वाटली. बारा दिवस सकाळी एक वडापाव, रात्री एक वडापाव. दहाव्या दिवशी अभ्यासिकेच्या जिन्यात चक्कर येऊन पडलो. सलाइन, औषधं आणि तपासण्या मिळून अठराशे रुपये गेले. महिनाभराच्या मेसला त्यावर थोडेच घालावे लागले असते. मावशींना कळलं तेव्हा त्या चिडल्या आणि म्हणाल्या, अरे, वहीत लिहिलं असतं की. त्यांच्याकडे वहीत नाव असलेली आणखी चौदा पोरं होती. मला वाटायचं, मी एकटाच.

अगदीच वेळ आली तर कॅम्पातल्या गुरुद्वारात लंगर असतो. कुणी काही विचारत नाही, डोकं झाकून पंगतीला बसायचं. शक्य झालं तर नंतर थोडी भांडी घासून यायचं. मी दोनदा गेलोय आणि अजूनही जातो, आता सेवेला. शिवभोजन थाळीही आहे, जानेवारी २०२० मध्ये सुरू झाली. १० रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात, फक्त दुपारच्या वेळात. तुमच्या लॅबजवळचं केंद्र चालू आहे का ते आधी बघून जा.

---

पर्वतीपायथा | २७ नोव्हेंबर, दुपारी २:१५

मी जनता वसाहतीत वाढले. आई सहा घरची धुणीभांडी करायची, अजून तीन घरची करते. ताई, तुमच्यासाठी हा एक महिना आहे. आमच्याकडे हा दर महिना होता, म्हणून आई कसं करायची ते सांगते.

पगार सहा घरांतून सहा तारखांना यायचा. आलेले पैसे ती लगेच तीन डब्यांत टाकायची. एक भाड्याचा, एक वाण्याचा, एक आमच्या शाळेचा. चौथा डबाच नव्हता. वाण्याचं देणं थकणार असं दिसलं की ती आठ दिवस आधी जाऊन सांगायची, "शेठ, या खेपेला दहा तारखेनंतर देते." तारीख गेल्यावर कधी सांगितलं नाही. शेठने वीस वर्षांत एकदाही सामान अडवलं नाही. आमच्या शेजारी एक बाई होत्या, त्यांचं उत्पन्न आईपेक्षा बरं होतं, पण पैसे थकले की त्या दुसऱ्या रस्त्याने जायच्या. त्यांची उधारी दोन महिन्यांत बंद झाली.

आणि भिशी. बारा बायका, महिन्याला पाचशे. आईने पहिला नंबर कधीच मागितला नाही, जूनचा मागायची. शाळा सुरू होते म्हणून.

रेशनचं एक सांगते. तुमचं नाव गावाकडच्या कार्डावर असेल आणि ते कार्ड प्राधान्य कुटुंबाचं असेल, तर माणशी पाच किलो धान्य १ जानेवारी २०२३ पासून फुकट आहे. तुमच्या वाट्याचं पुण्यातल्या दुकानातही उचलता येतं. आधार जोडलेलं हवं, अंगठा लावायचा. घरच्यांनी त्या महिन्याचं सगळं उचललं असेल तर नाही मिळणार. १ तारखेच्या आधी घरी एवढंच विचारा.

---

कृष्णाकाठ | २८ नोव्हेंबर, रात्री ८:५०

सगळ्यांचे प्रतिसाद दोन-दोनदा वाचले. ॲप काढून टाकलं.

काल डब्यात खिचडी नेली. जेवताना हात थांबत नव्हता. काकू, तुमचं बरोबर होतं, चहा-बिस्किटाचे चार दिवसांत १२० गेले होते.

आज तीन ठिकाणी बोलले, जसं झालं तसं लिहिते.

एचआरकडे गेले तर त्या म्हणाल्या, तीन महिने झाल्याशिवाय उचल देत नाही, पॉलिसी आहे. मी परत निघाले. मग हिशेबनीस काकांचं वाक्य आठवलं. परत फिरले आणि विचारलं, माझे पाच दिवस ऑक्टोबरचे आहेत, तेवढ्याचे तरी मिळतील का? त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, अर्ज लिहा, मोठ्या सरांना दाखवते. ऑक्टोबरच्या पाच दिवसांचे साधारण २,७०० होतात, मी तेवढेच लिहिले. संध्याकाळी निरोप आला की २,००० देऊ, सोमवारी. पगारातून वळते होतील.

घरमालकीण काकूंना खाली जाऊन भेटले. १० तारखेपर्यंत चालेल म्हणाल्या. "पण मेसेज टाकून ठेव, मी विसरते आणि मग मलाच राग येतो." लगेच टाकला.

तिसरं ठरवलेलं नव्हतं. खोलीतल्या मैत्रिणींना सांगितलं की भूक नाही ते खोटं होतं. एकीला चार दिवसांपासून कळलं होतं, तिला विचारायला अवघड वाटत होतं. दुसरीचाही पगार ७ लाच आहे. आता आम्ही तिघी मिळून शिजवतोय. तिघींचं सामान एका कुकरात गेलं की प्रत्येकीला कमी लागतं.

घरी अजून सांगितलेलं नाही.

---

हिशेबनीस | २८ नोव्हेंबर, रात्री ९:३०

परत फिरलात, ते सगळ्यात महत्त्वाचं. सोमवारी पैसे हातात आले की १,१६६ आधी.

घरी सांगण्याबद्दल माझं मत वेगळं आहे. इथे काही जण रागावतील, पण वडिलांना सांगा. पैसे मागू नका, फक्त सांगा. माझी मुलगी बंगळुरूला असताना तिने असेच दोन महिने काढले आणि मला वर्षाने दुसऱ्याच कुणाकडून कळलं. ते मला अजून लागतं.

---

पर्वतीपायथा | २८ नोव्हेंबर, रात्री १०:०२

मला नाही पटत, काका. सोयाबीन विकून बसलेल्या माणसाला फोनवर हे ऐकून रात्रभर झोप लागणार नाही, आणि तो उद्या कुणाकडून तरी व्याजाने काढून पाठवेल. आमच्या घरात असंच व्हायचं. पगार झाल्यावर सांगू दे तिला.

---

आमटीभात | २९ नोव्हेंबर, सकाळी ६:५५

आईला सांग. बाबांना कधी सांगायचं ते आई ठरवेल.

एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. पगारानंतरच्या रविवारी गावी जाऊन ये. येताना पीठ, डाळ, शेंगदाणे घेऊन ये.

---

कृष्णाकाठ | २ डिसेंबर, रात्री ९:१५

काल २,००० मिळाले. १,२०० हप्त्याच्या खात्यात टाकले, ८०० जवळ ठेवलेत, खर्च केलेले नाहीत.

नळस्टॉपपर्यंत चालायची सवय लागली. पहिल्या दिवशी पन्नास मिनिटं लागली, आज अडतीस. मटकीला मात्र मोड आले नाहीत, वास यायला लागला आणि टाकावी लागली. ३० रुपये गेले, फार वाईट वाटलं. मुगाची डाळ जास्त वापरून भागवलं.

आईला सांगितलं. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, पीठ दळून ठेवते. रेशनचं विचारलं, घरच्यांनी डिसेंबरचं अजून उचललेलं नाही. माझ्या वाटणीचं मी इथे बघू का म्हटलं, तर आई म्हणाली, राहू दे, इथलंच तुला देते.

---

आमटीभात | २ डिसेंबर, रात्री ९:४०

मटकी आठ तास भिजली की सगळं पाणी निथळू दे, मग ओल्या नव्हे, नुसत्या दमट फडक्यात सैल बांध. घट्ट बांधलं आणि पाणी राहिलं की वास येतो. गाठोडं बंद कुकरात ठेव, वर टॉवेल गुंडाळ. चूक माझी, तेव्हाच सांगायला हवं होतं.

---

कृष्णाकाठ | ८ डिसेंबर, दुपारी १२:२०

११:४० ला पगार आला. हिशेबनीस काकांनी सांगितलं तसंच, सोमवारी. उचल वजा होऊन. हप्ता ५ ला व्यवस्थित गेला. घरमालकीण काकूंना आत्ताच ४,५०० पाठवले, १० ची वाट बघितली नाही. काकू, तुमचे ७७ तसेच आहेत. मटकीची दुसरी खेप मैत्रिणीने आणली होती, तिला बोटभर मोड आले.

---

नवीन_वाकड | ८ डिसेंबर, रात्री १०:३०

हा धागा आज सापडला आणि एका बैठकीत वाचला. माझी परिस्थिती जवळपास हीच आहे. कंपनीने पगार १५ तारखेला होईल असं कळवलंय, भाडं १० ला द्यायचंय. घरमालक काका कडक आहेत. कृष्णाकाठ, तुम्ही नेमकं काय म्हणालात? मला पहिलं वाक्यच सुचत नाहीये.

---

कृष्णाकाठ | ८ डिसेंबर, रात्री १०:४८

मलाही सुचत नव्हतं. आधी कागदावर लिहून पाठ केलं आणि मग गेले. मी म्हणाले, "काकू, माझा पहिला पगार ८ तारखेला येणार आहे. भाडं ५ ला देता येणार नाही. १० तारखेच्या आत पूर्ण ४,५०० देते." एवढंच. कारणं सांगत बसले नाही. आधी तारीख, मग रक्कम. त्यांनी कारण विचारलं, तेव्हा सांगितलं.

तुम्ही १५ तारीख म्हणू नका. मध्ये एखादा दिवस हातात राहील अशी तारीख सांगा, १७ म्हणा. आणि कंपनीचा तो निरोप फोनमध्ये उघडून ठेवा, काकांनी विचारलं तर दाखवता येईल. उद्या सकाळीच जा, १० उजाडायच्या आत. बोलून झालं की इथे लिहा, मी बघत असेन.